निरोगी पानातली बुरशी

जुलै-ऑगस्टात डहाणू-घोलवडच्या वाड्यांमधून गेलं की कालीपत्ती चिकूच्या झाडांखाली कच्च्या फळांचा खच पडलेला दिसतो. आठवडेच्या आठवडे ऊन नाही, झाडं दाट, हवा हलत नाही. फळावर आधी पाणचट डाग येतो, मग पांढरट लव धरते आणि फळ गळतं. बागायतदार याला सरसकट बुरशी म्हणतात. तिचं शास्त्रीय नाव फायटोप्थोरा. (शास्त्रज्ञांनी तिला बुरशीच्या कुळातून केव्हाच बाहेर काढलं आहे, तिचं नातं शेवाळांच्या एका शाखेशी जुळतं, पण फळ गळायचं ते गळतंच.) मग मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करायचं आणि पावसाने उघडीप दिली की फवारायचं. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचं पावसाळ्यातलं गणित असं बुरशीच्या धाकात चालतं. वाड्याच्या कोलम भातावर करपा, घरात पापडावर बुरा, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवट थर. कोकणच्या या टोकाला बुरशीबद्दल चांगलं बोलणारा माणूस शोधून सापडणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

मात्र त्याच चिकूचं, त्याच दिवशी तोडलेलं, एकही डाग नसलेलं हिरवंगार पान घेतलं तर त्याच्याही आत बुरशी सापडते. एकच नव्हे, अनेक जातींची. बारीक धागे पेशींच्या मधल्या फटींमध्ये थोडेसे पसरून तिथेच थांबलेले असतात. झाड नेहमीसारखं वाढतं, फुलतं, फळतं. हा काही चिकूचा विशेष नव्हे. गवत, भात, आंबा, साग, तिवर, सूचिपर्णी वृक्ष, वाळवंटातली झुडपं, जिथे जिथे कोणी शोधलं तिथे जवळजवळ प्रत्येक वनस्पतीत अशा बुरशी मिळाल्या. शास्त्रात त्यांना एंडोफाइट म्हणतात, आपण अंतर्वासी बुरशी म्हणू.

इतकी सर्वत्र असलेली गोष्ट नजरेत भरायला विसाव्या शतकाचा शेवट यावा लागला. सूक्ष्मदर्शक नव्हते असं नाही, बुरशी वाढवण्याची तंत्रं नव्हती असंही नाही. माझ्या मते अडचण साधनांची नव्हती, प्रश्नाची होती. पानात काय आहे हे पानासाठी म्हणून फार थोड्यांनी विचारलं. रोगतज्ज्ञाने रोगापुरतं विचारलं, गुरंवाल्याने गुरांपुरतं, औषधवाल्याने औषधापुरतं. आणि प्रत्येकाला त्याच्या प्रश्नाएवढंच उत्तर मिळालं. हे सगळे विचारणारे पालघर जिल्ह्यात आजही एकमेकांपासून तासा-दोन तासांच्या वाटेवर आहेत: घोलवडचे बागायतदार, मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवणारे व्यापारी, बोईसरच्या बल्क ड्रगच्या कंपन्या आणि मुरबे-सातपाटीच्या खाडीवर जगणारे मच्छीमार. म्हणून या कल्पनेचा प्रवास इथे बसून बघायला बरं पडतं.

सुरुवात बटाट्यापासून करायला हवी. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा शेतातच कुजला आणि त्या दुष्काळात लाखो माणसं मेली. काळवंडलेल्या पानांवर बुरशीची लव सगळ्यांना दिसत होती, पण तेव्हाच्या बहुतेक विद्वानांना तो रोगाचा परिणाम वाटे. झाडाचा रस बिघडला की त्यातून बुरशी आपोआप उगवते, अशी समजूत. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ उंगर यांनी तर १८३३ च्या ग्रंथात तांबेऱ्यासारखे रोग म्हणजे झाडाच्या अंगावर उठलेलं पुरळ ठरवलं होतं. १८६१ साली अँटन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने हा क्रम उलटा केला. निरोगी झाडावर बीजाणू टाकले, तर रोग आला. टाकले नाहीत, तर नाही आला. बुरशी हेच कारण ठरलं. बटाटा कुजवणाऱ्या या बुरशीला फायटोप्थोरा हे नाव दिलं तेही द बारींनीच, १८७६ मध्ये.

ही मोठीच झेप होती आणि तिच्यातच पुढच्या शंभर वर्षांचं आंधळेपण दडलं होतं. बुरशीमुळे रोग होतो हे एकदा सिद्ध झाल्यावर, आत बुरशी असेल तर रोग असणारच आणि रोग नसेल तर आत काही नसणार, असा उलट अर्थ आपोआप लावला गेला. स्वतः द बारी इतके घाईचे नव्हते. १८६६ च्या ग्रंथात त्यांनी वनस्पतीच्या बाहेर राहणारे आणि आत राहणारे जीव वेगळे काढले, आणि १८७८ साली कासेल इथल्या व्याख्यानात सहजीवनाची कल्पना मांडताना दोन भिन्न जीवांचं एकत्र राहणं एवढीच अट घातली. त्यात फायदा असो, तोटा असो, की दोन्ही नसो. त्यांच्या मागून आलेल्यांनी यातला तोट्याचा भाग तेवढा उचलला.

त्यालाही कारण होतं. पैसा आणि नोकऱ्या तिथे होत्या. सरकारांना पीक का बुडतं हे हवं होतं. भारतात बिहारमधल्या पुसा इथे काम करणाऱ्या ई. जे. बटलर यांचा १९१८ चा पायाभूत ग्रंथ बुरशी आणि वनस्पतींचे रोग असाच विषय घेऊन आला. महाराष्ट्रातली बुरशीशास्त्राची परंपराही समृद्ध आहे; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. पण बुरशीचा अभ्यासक रानात गेला की डाग पडलेलं, काजळी धरलेलं, सुकलेलं पान पिशवीत टाकतो. स्वच्छ पान घरी आणण्याचं कोणाला कारणच नव्हतं.

मधूनच कोणीतरी भलत्याच वाटेने आत शिरत होतं. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाची महागडी भूछत्रं देशात पिकवायची होती. आल्बर्ट फ्रँक यांना ते काम सांगितलं. ट्रफलची शेती काही झाली नाही, पण झाडांच्या मुळांना बुरशीने वेढलेलं असतं आणि ती झाडाला पोसते, असं फ्रँक यांनी १८८५ मध्ये मांडलं. अनेकांनी त्यांची चेष्टा केली. रोगट नसलेल्या झाडाच्या मुळात बुरशी आहे आणि ती उपकारक आहे, हे पचायला जड होतं. मुळांतल्या या बुरशीला पुढे मान मिळाला, पाठ्यपुस्तकात जागा मिळाली. पानाचं मात्र तसंच राहिलं.

१८९८ मध्ये व्हिएन्नाच्या आउगुस्ट फोगल यांनी डार्नेल नावाच्या गवताच्या बिया कापून बघितल्या. गव्हात उगवणारं हे तण प्राचीन काळापासून बदनाम होतं. त्याचे दाणे पिठात गेले की माणसाला गुंगी येते, तोल जातो. फोगलना दाण्याच्या सालीखाली बुरशीच्या धाग्यांचा अखंड थर दिसला. गवत स्वतः ठणठणीत! धागे बीतून रोपात, रोपातून पुन्हा बीत जात होते, बाहेर कधी तोंडच काढत नव्हते. आपल्याकडे कोद्रा खाऊन अशीच चक्कर आणि थरथर होते हे खेड्यापाड्यांत पिढ्यान्पिढ्या माहीत आहे; त्यामागे दाण्यावर वाढलेल्या बुरशीचं सायक्लोपियाझोनिक आम्ल असतं, हे भारतीय संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवलं. तिथली बुरशी डार्नेलसारखी पिढीजात अंतर्वासी नव्हे, हा फरक लक्षात ठेवायला हवा. पण दोन्हीकडे दोष लोकांनी धान्याला दिला होता. डार्नेलचा शोध मात्र एक विचित्र अपवाद म्हणून कपाटात पडून राहिला.

त्याला बाहेर काढलं गुरांनी. केंटकी राज्यातल्या एका डोंगराळ शेतावर १९३१ मध्ये दुष्काळातही हिरवं राहणारं टॉल फेस्क्यू गवत सापडलं. १९४३ पासून ते 'केंटकी ३१' या नावाने पसरलं आणि अमेरिकेत सुमारे साडेतीन कोटी एकरांवर त्याची कुरणं झाली. बघायला झकास गवत, पण त्यावर चरणारी गुरं उन्हाळ्यात धापा टाकत, वजन धरत नसत. थंडीत काहींचे खूर सडत. चाऱ्याचं रासायनिक पृथक्करण कितीही वेळा केलं तरी पोषण उत्तमच निघे. १९७७ साली चार्ल्स बेकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉर्जियातल्या गवताच्या पेरांत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहिली. ज्या कुरणात गुरं आजारी होती तिथलं गवत तिने भरलेलं, शेजारच्या ज्या कुरणात ती बरी होती तिथे ती अगदी कमी. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या लडखडतात त्याचाही धागा १९८१ मध्ये रायगवताच्या बुरशीपर्यंत पोचला.

उपाय सरळ वाटला: बी तापवून किंवा जुनं ठेवून बुरशी मारायची आणि स्वच्छ गवत पेरायचं. तसं केलं, आणि गुरांची वजनं वाढली. मग गवत मरायला लागलं. दुष्काळ सोसेना, किडी तुटून पडल्या. न्यूझीलंडमध्ये बुरशी नसलेलं रायगवत एका भुंग्याने फस्त केलं. जे विष गुरांना लागत होतं तेच, किंवा त्याचं भावंड, किडीला दूर ठेवत होतं. १९८८ मध्ये कीथ क्ले यांनी या सगळ्याला संरक्षणाची भागीदारी असं रूप दिलं: गवत राहायला जागा, साखर आणि बीतून पुढच्या पिढीत नेणारी वाट देतं, बुरशी विष बनवते. पुढे शहाणपण आलं आणि गुरांना त्रास न देणाऱ्या पण किडीला रोखणाऱ्या बुरशीचे वाण निवडून गवतात घालायला लागले. २००० नंतर असं बियाणं बाजारात आहे.

इथे कल्पनेने मोठं वळण घेतलं. आतली बुरशी शत्रू नव्हे, मित्र आहे. हे वाक्य इतकं आवडलं की ते सगळ्या झाडांना लावलं गेलं. पण गवताची बुरशी बीतून जाते, आईकडून लेकराला मिळावी तशी. चिकूच्या किंवा सागाच्या पानाचं तसं नसतं. कोवळं पान उमलतं तेव्हा जवळजवळ स्वच्छ असतं. मग पाऊस, दव, वारा बीजाणू आणून टाकतात, ते रुजतात, पानाच्या आत शिरतात. काही आठवड्यांत पानात दाटी होते. एकाच झाडाची दोन पानं, एकाच पानाचे दोन तुकडे, यांत निरनिराळ्या जाती. म्हणजे इथे बीसारखं बांधलेलं हित नाही. जो येईल तो राहतो. अशा बुरशीने झाडाचं भलं का करावं?

आधी ती दिसते कशी ते पाहू, कारण पुढची सगळी भिस्त त्यावर आहे. पान नळाखाली धुऊन त्याचे अर्ध्या सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करतात. तुकडे काही सेकंद सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, मग मिनिट-दोन मिनिटं सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे कपड्यांना वापरतो त्या ब्लीचमध्ये, बुडवतात. शेवटी निर्जंतुक पाण्यात खळबळतात. याने पानाच्या अंगावरचे जीव मरतात, आतले वाचतात. खरोखर मेले का हे तपासायला धुतलेला तुकडा बटाट्याच्या रसाच्या आगरवर क्षणभर दाबून उचलतात. त्या ठशावर काही उगवलं तर सगळं फुकट. ठसा कोरा राहिला, तर तुकडे जीवाणू रोखणारं औषध घातलेल्या दुसऱ्या बशीत ठेवायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुकड्याच्या कापलेल्या कडेतून, वरच्या हिरव्या भागातून नव्हे, पांढरा धागा बाहेर डोकावतो. मग राखाडी, शेवाळी, काळपट. काही बुरशींना तीन-चार आठवडे लागतात, काही बीजाणू धरतच नाहीत, त्यामुळे ओळख पटत नाही. बटाट्याचा रस न मानवणाऱ्या तर या बशीत कधीच येत नाहीत. त्या डीएनए वाचायला लागल्यावर कळल्या.

या साध्या रीतीने बेट्सी अरनॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामाच्या जंगलातल्या फक्त दोन जातींच्या झाडांची ८३ निरोगी पानं तपासली. बुरशीचे ४१८ वेगवेगळे प्रकार निघाले. २००० साली हे छापून आलं, तेव्हा जगात बुरशीच्या जाती किती हा हिशेबच हलला. तमिळनाडूत टी. एस. सूर्यनारायणन यांच्या गटाने मुदुमलाईच्या जंगलात काम केलं, तिथे दिसलं ते जरा निराळं. काही बुरशी इतक्या निरनिराळ्या झाडांत मिळाल्या की झाडागणिक वेगळी बुरशी असेल हा अंदाज ताणता येईना. उष्ण कटिबंधातल्या जंगलांविषयी एकच ठाम वाक्य बोलण्याची सवय या दोन निष्कर्षांनी मोडायला हवी होती. तेवढी मोडली नाही.

अरनॉल्ड यांनीच २००३ मध्ये केलेला दुसरा प्रयोग घोलवडच्या बागायतदाराने मुद्दाम ऐकावा असा आहे. कोकोची रोपं कोरड्या हवेत, पानांवर पाणी पडू न देता वाढवली, त्यामुळे पानं आतून स्वच्छ राहिली. काही पानांत निरोगी कोकोतून काढलेल्या अंतर्वासी बुरशी सोडल्या, काही तशीच ठेवली. मग सगळ्यांवर फायटोप्थोरा सोडली. चिकूची फळं पाडणारी आणि ही, एकाच वंशातल्या. ज्या पानांत आधीपासून बुरशी होत्या त्यांचं नुकसान स्पष्टपणे कमी झालं. संरक्षण झाडभर पसरलं नाही, ज्या पानात बुरशी होती तिथेच राहिलं. आणि जून पानांत ते जास्त दिसलं, जिथे झाडाचा स्वतःचा बचाव दुबळा पडलेला असतो. मैत्री मानायची गरज नाही. जागा आधीच व्यापलेली असेल, आधीचे रहिवासी स्वतःसाठी म्हणून विषं सोडत असतील, तरी नव्याला शिरणं कठीण जातं. झाडाला त्यात लाभ झाला तर झाला.

यातून बोर्डोचा एक अवघड प्रश्न निघतो. आंब्याला बुरशीनाशक फवारलं की पानाच्या आतल्या बुरशींचं चित्र बदलतं, हे सूर्यनारायणन यांच्याच गटाने २००९ मध्ये दाखवलं. फवारणी थांबवा असं मी म्हणणार नाही. गळलेलं फळ परत झाडाला लागत नाही आणि बागायतदाराचं कर्ज पानातल्या जैवविविधतेने फिटत नाही. पण आपण कोणाला मारतो हे माहीत असलेलं बरं. वाड्यांमध्ये आता ट्रायकोडर्मा या बुरशीच्या पुड्या वापरतात. त्या कामाच्या आहेत, तरी बाहेरून आणलेल्या एका बुरशीवर जेवढा विश्वास आहे त्याच्या निम्मंही कुतूहल आत आधीपासून असलेल्या शंभरांबद्दल नाही.

औषधवाल्यांची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण तिचा गाजावाजा तिच्या फळापेक्षा मोठा होता. टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून येई आणि साल काढली की झाड मरे. १९९३ मध्ये त्याच झाडात राहणारी एक बुरशी स्वतःच टॅक्सॉल बनवते असा दावा झाला. सह्याद्रीत महाबळेश्वर-आंबोलीकडच्या नरक्या या झाडाची तीच गत. त्यातलं कॅम्पटोथेसिन कर्करोगावरच्या औषधांचा कच्चा माल, म्हणून नरक्या बेसुमार तोडला गेला. आणि २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांसोबत त्याच्या आतल्या सालीतल्या बुरशीत तेच द्रव्य मिळाल्याचं छापलं. बोईसरच्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्याला यातला मोह लगेच कळेल: जंगल नको, तोड नको, टाकीत बुरशी वाढवा आणि माल काढा. पण प्रयोगशाळेत काही पिढ्या वाढवल्यावर या बुरशी द्रव्य बनवणं कमी करत जातात, थांबतात. टॅक्सॉलच्या बाबतीत २०१३ मध्ये एका गटाने ती मूळ बुरशी पुन्हा तपासली, तेव्हा टॅक्सॉल स्वतः बनवण्याची जनुकं तिच्यात मिळाली नाहीत. बाजारातलं टॅक्सॉल आज यूच्या पानांतल्या द्रव्यापासून आणि झाडाच्या पेशी वाढवून मिळतं. झाडातून सुटी काढलेली बुरशी झाडात होती तशी वागत नाही, एवढं मात्र या खटाटोपात कळलं, आणि ते औषधापेक्षा कमी मोलाचं नाही.

तशी वागत नाही, हाच पुढचा धागा. १९९१ मध्ये ऑर्लांडो पेट्रीनी यांनी अंतर्वासींची जी व्याख्या केली तिच्यात एक सावध अट आहे: आयुष्यात कधीतरी, वरकरणी इजा न करता जो झाडाच्या आत राहतो तो. निरुपद्रवीपणा हा त्या बुरशीचा स्वभाव धरला नाही, तिच्या आयुष्यातला एक काळ धरला. आपल्याला याचा रोजचा पुरावा आहे. हापूसच्या पेटीत आंबे कच्चे असताना नितळ असतात. आढीत पिकता पिकता काळे ठिपके उमटतात. ती कोलेटोट्रायकम बुरशी आढीत शिरलेली नसते, फळ झाडावर लहान असतानाच आत येऊन गप्प बसलेली असते. त्याच वंशातल्या बुरशी आंब्याच्या निरोगी पानांत वर्षभर असतात. १९९३ मध्ये स्टॅन्ले फ्रीमन आणि रस्टी रॉड्रिग्ज यांनी काकडीवर्गीय वेलींवर रोग आणणाऱ्या एका कोलेटोट्रायकमच्या एकाच जनुकात बदल झालेला वाण मिळवला. तो वेलीत शिरला, पसरला, पण रोग झाला नाही. उलट मूळ रोगकारक बुरशी आल्यावर वेल वाचली. शत्रू आणि रहिवासी यांच्यात एका जनुकाचं अंतर.

याच रॉड्रिग्ज यांच्या वर्तुळातून २००२ मध्ये यलोस्टोनच्या गरम झऱ्यांजवळच्या गवताची गोष्ट आली. ६५ अंश तापलेल्या मातीत हे गवत जगतं, पण त्यातली बुरशी काढली तर जगत नाही, आणि एकट्या बुरशीलाही ती उष्णता सोसत नाही. २००७ मध्ये कळलं की बुरशीतही एक विषाणू असावा लागतो, तो गेला की सगळंच कोलमडतं. किनाऱ्यावरच्या वाळूतल्या गवतातून काढलेली फ्युजेरियम बुरशी झाडाला खारं पाणी सोसायला मदत करते. मात्र तिच्याच जातीची, गोड्या जमिनीतून आणलेली बुरशी ती करत नाही, हे २००८ मध्ये मांडलं गेलं. इथे पानातली बुरशी जागेला, तिच्या मातीला, पाण्याला बांधलेली ठरली. खारेपाटात काळा रता, भुरा रता ही भातं शतकानुशतकं टिकली त्याचं श्रेय आपण बीला आणि बी राखणाऱ्या शेतकऱ्याला देतो. ते देऊच, पण दाण्याच्या आतही बघायला हवं.

आणि मग खाडी. मुरबे-सातपाटीच्या, दांडी-नवापूरच्या खाड्यांत तिवरांची रांग भरतीच्या पाण्यात उभी असते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर निवटे उड्या मारतात, बिळांच्या तोंडाशी चिंबोऱ्या. खाडीतली कोळंबी कशावर पोसते? एरिक हील्ड आणि विल्यम ओडम यांनी फ्लोरिडात १९६० नंतरच्या दशकात दाखवलं की कांदळवनाचं हिरवं पान फारसं कोणी खात नाही. गळून, कुजून, बुरशी आणि जीवाणूंनी मऊ झालेलं पानच कोळंबी-खेकड्यांच्या तोंडी लागतं, आणि तिथून ते माशांपर्यंत जातं. कडक, कडवट पान अन्न होण्यासाठी आधी बुरशीच्या हातून जावं लागतं.

ही बुरशी पान चिखलात पडल्यावर येते असं समजत होते. २००२ मध्ये व्ही. कुमारेसन आणि सूर्यनारायणन यांनी कांदळाची कोवळी, जून आणि पिवळी पडलेली पानं तपासली. पान जसं वयाने वाढतं तशी आतल्या बुरशींची गर्दी वाढते. आणि पान झडतं तेव्हा त्याला कुजवणाऱ्यांपैकी काही आधीच आत हजर असतात. जिवंत पानात त्यांनी काही केलं नाही. पान मेल्यावर सगळ्यांच्या आधी जेवायला बसण्याचा हक्क तेवढा राखला. हेच रानातल्या पालापाचोळ्याचं. निरुपद्रवी राहणं हा इथे थांबण्याचा एक प्रकार आहे, आणि त्या थांबण्यावर खाडीचं अन्नचक्र सुरू होतं. बहुतेक प्रश्नकर्त्यांसारखं या दोघांनी पानाला स्वतःच्या उपयोगाचं काही विचारलं नव्हतं. आणि उत्तर निघालं ते मच्छीमाराच्या टोपलीपर्यंत जाणारं.

याच खाड्यांच्या डोक्यावर तारापूरची एमआयडीसी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सगळ्यात वर होतं. जिल्ह्यातून बुलेट ट्रेनचा मार्ग जातो आहे; डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या मार्गासाठी मुंबई, ठाणे आणि पालघरमधले सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडायला परवानगी दिली, बदल्यात नवी झाडं लावायची. २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. अशा वेळी तिवरांबद्दलचा प्रश्न वकील आणि अभियंते विचारतात, आणि तो संख्येत असतो: किती तोडली, किती लावली, किती हेक्टर. हा हिशेब हवाच, त्याशिवाय न्यायालयात उभं राहता येत नाही. पण रोपवाटिकेच्या पिशवीतलं तिवराचं रोप नवी पानं काढतं तेव्हा ती जवळजवळ स्वच्छ असतात. त्यांना कुजवणाऱ्या, पाण्याच्या खारेपणाला सरावलेल्या बुरशी शेजारच्या जुन्या तिवरांवरून वाऱ्या-पावसाने याव्या लागतात. म्हणून भरपाईच्या लागवडीच्या तक्त्यात संख्या आणि हेक्टरच्या बरोबर आणखी एक रकाना असावा: नव्या रोपांपासून सर्वांत जवळचं जुनं, न तोडलेलं तिवरांचं रान किती मीटरवर आहे.